पाहुण्यांना सुरात जागा

प्रश्न : अमेरिकेतला ब्लूज गिटारवादक बडी गाय याचा नवा अल्बम मुलाने ऐकवला. 89 व्या वर्षी माणूस असं वाजवतो, गातो, याचं नवल वाटलं. पण गाणी ऐकताना मधेच दुसरा कुणी गिटार घेऊन येतो, दुसरा कुणी गायला लागतो. एवढ्या मोठ्या कलावंताला पाहुण्यांचा टेकू का लागावा? वय झालं म्हणून, की खप वाढावा म्हणून? आणि मुलगा म्हणतो, या संगीताचं आपल्या हिंगणघाटच्या कापसाशी नातं आहे. ते कसं?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : खपाचं कारण अगदीच खोटं नाही, ते आधी मान्य करून टाकतो. अल्बमवर चार ओळखीची नावं असली की एरवी ब्लूजच्या वाटेला न जाणारे लोकही तो ऐकतात, आणि कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पण तेवढ्यावर थांबलो तर बडी गायवर अन्याय होईल. ब्लूज हे एकट्याचं दुःख सांगणारं संगीत असलं, तरी त्याची रचनाच दुसऱ्याला जागा ठेवून केलेली आहे. आणि ही कला पुस्तकातून नाही, शेजारी बसूनच शिकता येते. त्यामुळे अल्बममध्ये पाहुणा आला म्हणजे काय झालं, हे कळायला तो कुणाच्या शेजारी बसला होता ते बघावं लागतं.

तुम्ही ऐकलात तो अल्बम 'एन्ट डन विथ द ब्लूज' असणार. बडीच्या 89 व्या वाढदिवशी, 30 जुलै 2025 ला तो आला. निर्माता टॉम हॅम्ब्रिज, जो स्वतः ड्रम वाजवतो आणि 2008 पासून बडीचे अल्बम करतो आहे. पाहुण्यांमध्ये जो वॉल्श, पीटर फ्रॅम्प्टन, जो बोनामासा, 'ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा' हा जुना भक्तिगीतं गाणारा संच, आणि क्रिस्टोन इंग्रम, ज्याला सगळे 'किंगफिश' म्हणतात. अल्बम उघडतो मात्र पाहुण्यांविना. बडी एकटाच गिटारवर जॉन ली हुकरच्या ढंगाचा ठेका धरतो, मिनिटभर वाजवतो आणि थांबतो. हुकरचं 'बूगी चिलन' हे बडीने गिटारवर पहिल्यांदा बसवलेलं गाणं. सगळ्या पाहुण्यांच्या आधी त्याने आपल्या गुरुस्थानी असलेल्या माणसाला बोलावलं, असं मी त्या मिनिटाकडे बघतो.

आता किंगफिशचं बघा. जन्म 1999, गाव मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल. बडीचा जन्म 1936 चा, म्हणजे दोघांत बासष्ट वर्षांचं अंतर. 2019 साली या मुलाचा पहिला अल्बम निघाला तेव्हा बडी त्यात पाहुणा म्हणून वाजवून गेला होता, आणि निर्माता तोच, टॉम हॅम्ब्रिज. विशीतल्या पोराच्या पहिल्या अल्बमवर ऐंशी पार केलेल्या उस्तादाचं नाव लागलं, की त्या पोराकडे लोक वळून बघतात. 2021 च्या दुसऱ्या अल्बमसाठी किंगफिशला ग्रॅमी मिळालं. आणि आता तोच बडीच्या अल्बममध्ये पाहुणा होऊन आला आहे. यात टेकू कोण आणि टेकलेला कोण?

बडीची स्वतःची सुरुवातही अशीच कुणीतरी जागा दिल्यामुळे झाली. लुइझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ या खेड्यात, दुसऱ्याच्या जमिनीवर बटईने कापूस पिकवणाऱ्या घरात तो जन्मला. लहानपणी भावंडांबरोबर कापूस वेचायचा. शंभर पौंडांना, म्हणजे सुमारे 45 किलोंना, अडीच डॉलर मजुरी. वाद्य घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा त्याने खिडकीला लावलेल्या डासांच्या जाळीची तार उपसून लाकडाला ताणली आणि तिच्यावर सूर काढायला बसला. पुढे 25 सप्टेंबर 1957 ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो शिकागोला उतरला. ओळख नाही, काम नाही, खिसा रिकामा. एका क्लबमध्ये त्याला वाजवायची संधी मिळाली. त्याच्या वाजवण्याबद्दल ऐकून शिकागोच्या ब्लूजमधलं मोठं नाव, खुद्द मडी वॉटर्स, तिथे आला. पोराने काही खाल्लेलं नाही हे त्याने ओळखलं, त्याला आपल्या गाडीत बसवलं आणि पावात सलामी घालून खायला दिली. मडीला भेटल्यावर भूक पळून गेली असं पोरगं म्हणत होतं, तरी त्याने खायला लावलं. बडीने ही गोष्ट आयुष्यभर मुलाखतींतून सांगितली आहे.

1964 साली मडी वॉटर्सचा 'फोक सिंगर' हा अल्बम आला, तोही विजेच्या गिटारशिवाय. त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला साथीला जुन्या वळणाचा, खेड्यातला कुणी वयस्क वादक हवा होता. मडीने शेजारी बसवलं सत्तावीस वर्षांच्या बडीला. तो अल्बम मिळाला तर जरूर ऐका. तरुण वादक किती कमी वाजवतो, मडीचा आवाज खाली उतरला की तारेवरचा हात किती हलका होतो, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. पुढे रंगमंचावर कानठळ्या बसवणारा हाच माणूस, हे सांगूनही पटत नाही.

कारण त्याचा स्वतःचा स्वभाव जोरकस होता आणि तोच कंपनीला खपत नव्हता. गिटारची लांब वायर ओढत प्रेक्षकांत शिरणं, तार खेचून खेचून किंचाळायला लावणं, हा सगळा गोंगाट आहे असं तिथल्या मालकांचं मत. दुसऱ्यांच्या गाण्यांत साथीला त्याला बसवायचे, त्याच्या मनासारखं त्याला ध्वनिमुद्रित करू देत नसत. कित्येक वर्षं तो दिवसा बंद पडलेल्या गाड्या ओढणारा ट्रक चालवायचा आणि रात्री क्लबमध्ये वाजवायचा. इंग्लंडमधली पोरं मात्र त्याच्यावरून शिकत होती. एरिक क्लॅप्टन, जेफ बेक ही त्यांतलीच नावं. 1980 च्या दशकात तर अमेरिकेत त्याला रेकॉर्ड कंपनीच नव्हती. मग क्लॅप्टनने त्याला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या आपल्या मैफलींत बोलावलं, त्यातून नवा करार झाला, आणि 1991 मध्ये 'डॅम राइट, आयव्ह गॉट द ब्लूज' आला. क्लॅप्टन, बेक आणि मार्क नॉफ्लर त्यात पाहुणे. बडी पंचावन्न वर्षांचा होता आणि जगाने त्याला तेव्हा कुठे नीट ऐकलं. ते तिघे आले ते उपकार करायला नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याचं देणं होतं ते, आणि थोडं उशिराच दिलेलं.

या प्रकारच्या अल्बमची लाट त्याच्या दोन वर्षं आधी उसळली होती. 1989 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या जॉन ली हुकरचा 'द हीलर' निघाला. कार्लोस सान्ताना, बॉनी रेट, रॉबर्ट क्रे, चार्ली मसलव्हाइट असे पाहुणे. बॉनी रेटबरोबरच्या गाण्याला ग्रॅमी. मला तो अल्बम या साऱ्या लाटेतला सर्वांत खरा वाटतो, त्याला कारण आहे. हुकर कधीच मोजून वाजवत नसे. बारा बारचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचं, आवर्तन ठरलेलं असलं तरी त्याला वाटेल तेव्हा तो सूर बदलणार, साडेअकराव्याला बदलेल नाहीतर तेराव्याला. साथीदारांची तारांबळ उडे. त्यामुळे त्याच्याबरोबर वाजवायचं तर मोजणं सोडून ऐकावंच लागतं. भल्याभल्या नामवंतांना या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत वाजवावं लागलं, ते त्या ध्वनिमुद्रणात जाणवतं. शेवटी शेवटी पाहुणे निघून जातात आणि हुकर एकटा उरतो. त्याला कुणाची गरज नव्हती, हे तिथे कळतं.

आता रचनेबद्दल. रूढ ब्लूजचं एक कडवं बारा बारचं असतं, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण 48 मात्रा. शब्दांच्या ओळी तीन. पहिली म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणारा त्यांतले दोन-सव्वादोनच वापरतो. उरलेली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत गिटार बोलते, किंवा माउथ ऑर्गन, किंवा पियानो. गवई विचारतो, वाद्य उत्तर देतं. आपल्याकडे खंजिरी भजनात बुवा ओळ टाकतो आणि मागचे झेलकरी ती उचलून परत देतात, विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे हे गावोगाव पोचलं. त्या देवघेवीची ज्या कानाला सवय आहे त्याला ब्लूज परका वाटू नये. फरक एवढाच की इथे उत्तर देणाऱ्याने तीच ओळ परत द्यायची नाही, आपलं काहीतरी सांगायचं असतं. म्हणून पाहुण्याला इथे मुद्दाम जागा करून द्यावी लागत नाही. ती आधीपासूनच असते. सूरपट्टी आणि ठेका ठरला, की मिसिसिपीचा माणूस आणि लंडनचा माणूस तालमीशिवाय एकत्र वाजवू शकतात.

म्हणूनच वाईट पाहुणा लगेच ओळखू येतो. तो रिकामी जागा दिसली की भरून टाकतो, उत्तराऐवजी भाषण देतो. असे अल्बमही पुष्कळ निघाले आहेत, ज्यांत म्हातारा कलावंत आपल्याच घरात कोपऱ्यात बसलेला ऐकू येतो. नावांची यादी जितकी लांब तितकी ही भीती जास्त, असा माझा अनुभव. बडीच्या नव्या अल्बममध्ये अठरा गाणी आहेत आणि पाहुणे मोजक्याच गाण्यांत आहेत, ही मला त्याची शहाणी निवड वाटते.

आता कापूस. तुमचा मुलगा बरोबर सांगतो आहे, फक्त नातं कुठलं ते नीट समजून घ्यायला हवं.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि गुलामांच्या हातांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. इंग्लंडची नजर हिंदुस्थानी कापसावर पडली, आणि त्यात वर्धा खोऱ्यावर. 'हिंगणघाट' हे तेव्हा नुसतं गावाचं नाव नव्हतं, कापसाच्या प्रतीचं नाव होतं. देशी वाणांत लांब धाग्याचा म्हणून तो व्यापाऱ्यांत नावाजलेला होता. 1862 मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो याच काळात. रेल्वे नागपूरला पोचली 1867 साली, म्हणजे तेजीची सारी वर्षं या भागातला कापूस बैलगाड्यांनीच बाहेर पडला. 1865 ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात येणार हे दिसताच भाव कोसळले आणि मुंबईत सट्टेबाज बुडाले. पुढे जास्त रुई देणाऱ्या जाड्याभरड्या वाणाने इथला तो लांब धाग्याचा वाणही हळूहळू मागे सारला.

त्याच 1865 नंतर तिकडे गुलामगिरी कायद्याने गेली, पण जमीन मालकाचीच राहिली. मोकळे झालेले काळे लोक बटईने तोच कापूस पिकवू लागले. बियाणं, अवजारं, किराणा सगळं मालकाच्या दुकानातून उधार, हिशोबाची वही मालकाकडे, आणि हंगामाच्या शेवटी हातात कर्ज. या शेतांतल्या हाकाऱ्यांतून, कामाच्या गाण्यांतून, चर्चमधल्या भजनांतून ब्लूज घडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोंडांवरच्या सोंडकिड्याने तिकडचा कापूस फस्त केला. त्या किड्यावरसुद्धा गाणी झाली, चार्ली पॅटनने असं एक गाणं 1929 मध्ये ध्वनिमुद्रित केलं. 2017 साली ज्यांनी आपल्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पाहिली, त्यांना किड्यावर गाणं का सुचावं हे समजावून सांगायची गरज नाही. किडे वेगळे. बोंड फोडून बघितल्यावर माणसाच्या पोटात जो खड्डा पडतो तो तोच.

तरीही दोन्हीकडचं दुःख एकच असं मी म्हणणार नाही. तिथे माणसंच विकली जात होती, नंतरही झाडाला टांगून मारली जात होती. हिंगणघाट आणि मिसिसिपी यांना जोडणारा धागा बाजाराचा आहे: तिकडे युद्ध झालं की इकडे भाव चढायचा, तिकडे शांतता झाली की इकडे पडायचा, आणि वेचणाऱ्याला दोन्हीकडे ते कधीच विचारलं जात नव्हतं. आजही आपल्याकडे वेचणी हातानेच होते, बहुतेक बायकांच्याच, किलोमागे मजुरीवर. तिकडे 1944 मध्ये, किंगफिशच्या क्लार्क्सडेलजवळच्याच एका मळ्यात, कापूस वेचणारी यंत्रं लोकांना चालवून दाखवली गेली. एक यंत्र पन्नासेक माणसांचं काम करत होतं. मळे सोडून शिकागोला जाणाऱ्यांची त्याआधीच सुरू झालेली वाट मग वाहतीच राहिली. मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स 1943 सालीच तिकडे गेला होता. क्लबमधल्या गर्दीत आणि गोंगाटात साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून तो विजेच्या गिटारकडे वळला. बडी आला तो या घडलेल्या शहरात. कापसाचं शेत सुटलं नसतं तर हा विजेचा ब्लूज असा झालाच नसता.

प्रश्न : वरच्या वाचकांनी आपला प्रश्न मला दाखवला, म्हणून माझाही जोडते. मी हार्मोनियम शिकवते. ही गिटार ऐकताना मला स्वर बेसूर लागल्यासारखे वाटतात आणि आवाज फाटलेला वाटतो. हे मुद्दाम करतात का?
— एक संगीतशिक्षिका, हिंगणघाट

उत्तर : हो, मुद्दाम, आणि तुमच्या कानाने बरोबर जागा पकडली आहे. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. तुमच्या पेटीवर त्याला पट्टीच नाही. गिटारवर कोमल गंधाराच्या जागी बोट ठेवून तार आडवी ढकलली की स्वर वर सरकू लागतो; शुद्ध गंधाराला पोचायच्या आतच वादक तिथे थांबतो, हलवतो, सोडतो. दरबारी कानड्यात गंधार नेहमीच्या कोमलपेक्षाही खाली झुलतो, इथे तो वर ओढ घेतो. निषादाचंही असंच. खाली पियानो शुद्ध गंधाराची संगत धरून असतो, आणि वर गिटार त्या गंधाराला पोचायला तयार नसते. हा ताण म्हणजेच ब्लूजचा रंग. तो काढून टाकला तर नुसती सुबक चाल उरेल.

फाटलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरचा. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज दिला की लहरींचे माथे कापले जातात, स्वरात खरखर येते. सुरुवातीला ही यंत्राची मर्यादा होती. वादकांच्या लक्षात आलं की असा स्वर जास्त वेळ टिकतो आणि घसा ताणून ओरडणाऱ्या माणसासारखा लागतो. मग ते मुद्दाम करू लागले. बडी तर एकाच गाण्यात कुजबुजीवरून या आरोळीवर जातो, तेही अगदी अचानक.

तुम्हाला जवळचं दार हवं असेल तर मींडेच्या बाजूने या. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी तारेवर पट्टी सरकवून वाजवायची गिटार आपल्या शास्त्रीय संगीतात आणली. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर तेच आहेत. मग विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा 1993 चा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ऐका. ध्वनिमुद्रणाआधी दोघांची जेमतेम ओळख झाली होती. एक मींड घेतो, दुसरा तारेवर काच सरकवतो, आणि कोण कुणाच्या दारी पाहुणा आहे ते सांगता येत नाही. त्याला ग्रॅमी मिळालं, पण पुरस्कार बाजूला ठेवूनही तो ऐकण्याजोगाच आहे. त्यानंतर मडी वॉटर्सचा 'फोक सिंगर', मग 'द हीलर', आणि मग बडीचा 1991 चा अल्बम, या क्रमाने गेलात तर नवा अल्बम कर्कश वाटणार नाही.

आणि पहिल्या वाचकाच्या मुलासाठी : मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरत आला आहे. पहिल्याच वर्षी बडी गाय तिथे वाजवून गेला, नंतरही आला, 2023 मध्ये सुद्धा. शेवटी सगळे वादक एकत्र मंचावर येऊन वाजवतात, ही तिथली रीत. तिकीट काढून गेलात तर मागच्या रांगेत न बसता वादकांचे हात दिसतील अशी जागा धरा. कोण वाजवतो आहे यापेक्षा कोण थांबून ऐकतो आहे, तिकडे बघा.